तीनशे चाळीस किलोंचा श्रावण

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. तुमच्या सहीच्या कागदावर छापलंय: ‘सदर व्यायामशाळा बंद अवस्थेत आढळली.’ कुणाला आढळली? तुमचा पाहणीवाला आला भर दुपारी, जेवणं झाल्यावर. त्या वेळेला व्यायाम कोण करतो? त्या वेळेला तुमचं कार्यालयही बंद अवस्थेतच असतं, मी स्वतः येऊन आढळून घेतलंय. शिवाय आत माणूस होता. आमचे सेक्रेटरी बाबुराव बेंचवर आडवे झाले होते. त्यांच्याबद्दल तुमच्या माणसाने लिहिलं, ‘आत एक वृद्ध इसम निद्रिस्त.’ बाबुराव निद्रिस्त नव्हते, बेंचप्रेसच्या तयारीत होते. घोरत होते हे मान्य. पण तुमच्याकडे घोरणाऱ्याला बढती मिळते आणि आमच्याकडे व्यायामशाळा बंद पडते, हा कुठला न्याय?

हे उघडं पत्र बाकीचेही वाचतील, म्हणून प्रकरण आधीपासून सांगतो. आमची भाग्योदय चाळ परळहून शिवडीकडे उतरताना डाव्या हाताला लागते. आता ती पाडून टॉवर होणार. तळमजल्यावर वज्रमारुती व्यायामशाळा आहे. भिंतीवर मारुती आणि बाबासाहेब शेजारीशेजारी, दोघांचे हार एकाच दिवशी बदलतात. वजनाचा दांडा मध्ये थोडा वाकलाय, त्यामुळे रॅकवर ठेवला की तो आपोआप फिरतो आणि पोट खाली करून झोपतो. तुमच्या पुनर्विकास कार्यालयाच्या नियमाने नव्या टॉवरमध्ये ‘चालू’ संस्थांना खोली मिळणार, बंद संस्थांना नाही. आणि चालू असण्याचा पुरावा काय? तर वर्षभरात मान्यताप्राप्त स्पर्धेत एका तरी सभासदाने भाग घेऊन किमान गुण मिळवलेले असावेत.

सभासद कोण उरलेत? बाबुरावांचे दोन्ही गुडघे बदललेले. माझा शेजारी राजरत्न एकेकाळचा गोदी-चॅम्पियन, पण त्याचा खांदा आता कपाटावरचा डबा काढतानाही कुरकुरतो. तरुण पोरं लालबागच्या एसी जिममध्ये जातात, कारण तिथे आरसे आहेत. राहिलो मी. विनीत, वय सत्तेचाळीस, औषध कंपनीत डिस्पॅच क्लार्क. रोज संध्याकाळी लोखंड उचलतो, कारण घरी गेलं की भाजी निवडावी लागते.

‘‘तू उतर,’’ बाबुराव म्हणाले.

‘‘स्पर्धेत? ह्या वयात?’’

‘‘चाळिशीपुढच्यांचा वेगळा गट असतो. तीन प्रकार, तिन्हींची बेरीज. तुझी किती होते?’’

स्क्वॉट, म्हणजे दांडा खांद्यावर घेऊन उठाबशी, एकशेवीस; बेंच, म्हणजे आडवं पडून छातीवरून ढकलणं, ऐंशी; डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचलणं, दीडशे. बेरीज साडेतीनशे. माझं वजन नव्वद, म्हणजे मी त्र्याण्णवच्या गटात, आणि त्या गटाला किमान तीनशे पंचाहत्तर हवेत. पंचवीस कमी पडले. बाबुरावांचा चेहरा उतरला. राजरत्न मात्र भिंतीवरचा वजनगटांचा तक्ता बघत होता.

‘‘विन्या, खालचा गट बघ. त्र्याऐंशी. किमान तीनशे चाळीस.’’

पृथ्वीवरचा सगळ्यात सोपा हिशेब समोर उभा होता. सात किलो चरबी उतरवायची, ताकद आहे तीच ठेवायची, वर दहा किलो शिल्लक. पोट काही वजन उचलत नाही. मग पोट गेलं तर ताकद कशाला जाईल? हा युक्तिवाद आम्हाला इतका आवडला की आम्ही त्यावर कटिंग चहा मागवला. सोबत भजी आली. ती शेवटची, असं ठरलं.

त्यातून श्रावण तोंडावर आलेला. आमचं घर मालवणचं, श्रावण कडक पाळला जातो. मासे नाहीत, अंडी नाहीत, कांदासुद्धा आईची नजर बघून. माझ्या मते हा दैवी योग होता. सगळी चाळ उपवास करतेच आहे, मी सोमवारऐवजी रोज करेन. बायको अनुजा म्हणाली, ‘‘बरं होईल. उपासाचं सगळं हलकं असतं.’’

साहेब, तुमच्याइतकंच मोठं खोटं हे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातंय. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट किती असतं ते कधी बघितलंय? वर तूप. सोबत बटाट्याची उपासाची भाजी. चार वाजता रताळ्याचा कीस, साखर घालून. रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मध्ये भूक लागली तर राजगिऱ्याचा लाडू, तो तर प्रसादच. देवाला प्रसन्न करायला एवढं खाणारा दुसरा समाज मला माहीत नाही. आठवडाभर निष्ठेने उपवास करून मी काट्यावर उभा राहिलो तेव्हा एक्क्याण्णव किलो भरलो.

‘‘काटा बिघडलाय,’’ मी म्हणालो.

राजरत्न स्वतः काट्यावर उभा राहिला, उतरला. ‘‘काटा बरोबर आहे. तुझी भक्ती जास्त झाली.’’

बातमी गॅलरीभर गेली. आमच्या चाळीत नळाचं पाणी वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही, पण बातमी गच्चीपर्यंत पोचते. प्रत्येक दारातून सल्ला बाहेर आला. एकीने गरम पाण्यात लिंबू सांगितलं, दुसरीने गरम पाण्यात जिरं, तिसरीने नुसतं गरम पाणी, पण उकिडवं बसून. कडेच्या खोलीतल्या निवृत्त हवालदारांनी मला थांबवून पोट बोटाने दाबून बघितलं आणि ‘‘वायू आहे’’ असा पंचनामा केला. मी एका औषध कंपनीतला जबाबदार माणूस. माझं पोट कोणीही येऊन दाबावं?

मग माझा पुतण्या स्वप्नील आला. एसी जिममध्ये ट्रेनर आहे. दंड एवढे की टी-शर्टची बाही कायम घाबरलेली दिसते.

‘‘काका, साबुदाणा म्हणजे प्युअर स्टार्च. बंद. तुम्हाला प्रोटीन पाहिजे, नाहीतर चरबीबरोबर मसल पण जाणार. कॅलरी थोडीच कमी करा, एकदम नको.’’

‘‘श्रावणात प्रोटीन कुठून आणू?’’

त्याने दुसऱ्या दिवशी भला मोठा डबा आणून दिला. ऑइलपेंटचा असावा असा. आत व्हॅनिलाच्या वासाची पांढरी पावडर. मी डबा ओट्यावर ठेवून कामाला गेलो, इथेच चूक झाली. संध्याकाळी आई तव्यासमोर घामाघूम होऊन बसलेली. कौसल्या तिचं नाव, वय पंचाहत्तर, आणि मालवणातून येऊन पन्नास वर्षं झाली तरी बोली तिथलीच.

‘‘विनीत, ह्यां खंयच्या गिरणीचा पीठ हाडलंस? घावणे सुटनतच नाय तव्यावरना.’’

तिने अर्धा डबा तांदळाच्या पिठात मिसळून घावणे घातले होते. तवा, उलथणं आणि आई, तिन्ही चिकटलेले. जे दोन घावणे सुटले ते मी खाल्ले. व्हॅनिलाच्या घावण्याबरोबर हिरवी चटणी कशी लागते हे मी कुणालाही सांगणार नाही. उरलेला डबा आईने माळ्यावर चढवला. ‘‘श्रावणात कसल्या कसल्या पावडरी नको,’’ ती म्हणाली.

मी रागावलो. रागावलो की मी टोकाला जातो, हा आमचा घराण्याचा गुण. स्वप्नीलने ‘थोडं कमी’ सांगितलं होतं, मी जवळजवळ सगळंच सोडलं. सकाळी ताक, दुपारी काकडी, संध्याकाळी परत ताक. आणि वजन उतरायला लागलं, साहेब! पॅन्ट ढिली झाली. ऑफिसात लोक ‘‘साखर निघाली का?’’ असं काळजीने विचारायला लागले. आपल्याकडे माणूस बारीक झाला की त्याचं अभिनंदन करत नाहीत, रिपोर्ट मागतात.

पण व्यायामशाळेत वेगळंच घडत होतं. पहिला धक्का बेंचप्रेसने दिला. ऐंशी किलो मी डोळे मिटून काढायचो. एके दिवशी दांडा छातीवर आला आणि तिथेच राहायला आला. राजरत्नने उचलला म्हणून आज हे लिहितोय. मग पंचाहत्तर जाईना, मग सत्तर. शेवटी पासष्टला मी थरथरत होतो.

‘‘असं कसं?’’ मी ओरडलो. ‘‘पोट तर काही उचलत नव्हतं!’’

‘‘उचलत होतं,’’ राजरत्न म्हणाला. ‘‘आधी तुझी छाती-पोट एवढं वर होतं की दांडा वीतभर खाली आला की टेकायचा. आता त्याला वीतभर जास्त प्रवास आहे. स्क्वॉटला खाली बसलास की पोट मांड्यांवर उशीसारखं दबायचं, वर ढकलायचं. ती उशी गेली.’’

माझ्या पोटाचा असा जाहीर सत्कार पहिल्यांदाच होत होता, तोही ते गेल्यावर.

‘‘आणि बाकी?’’

‘‘बाकी तू उपाशी आहेस, येड्या. स्नायू खातोयस स्वतःचे.’’

स्क्वॉट एकशेपाचवर आला. फक्त डेडलिफ्ट हट्टाने टिकून होती, एकशेपंचेचाळीस, कारण वाकताना आता मध्ये काही येत नव्हतं. बेरीज तीनशे पंधरा. म्हणजे जाड होतो तेव्हा जाड्यांना पंचवीस कमी होतो, बारीक झालो तर बारक्यांनाही पंचवीस कमी. एवढं करून मी होतो तिथेच पोचलो, फक्त चिडका होऊन. बाबुरावांनी फडकं घेतलं. बेंच पुसत राहिले. तोच बेंच परत परत. म्हातारा माणूस रिकामा बेंच असा पुसायला लागला की शेजारी उभं राहवत नाही.

राजरत्न मला दंडाला धरून त्याच्या खोलीत घेऊन गेला. बायकोला म्हणाला, ‘‘प्रिती, ह्याला खायला घाल. अंडी उकड. श्रावण त्याच्या घरात आहे, आपल्या घरात नाही.’’

प्रितीवहिनींनी अंडी ठेवली, वर ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी. पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चटणी तिखट होती, असं मी त्यांना सांगितलं. त्यानंतर रोज संध्याकाळी व्यायाम झाला की मी राजरत्नच्या खोलीत शिरायचो आणि दार लोटायचो. चाळीत लोटलेलं दार म्हणजे जाहिरात. पण मला वाटायचं, कुणाला कळत नाहीये. दोन खोल्यांमध्ये एकच लाकडी भिंत, पलीकडे आई जपमाळ ओढत बसलेली, आणि अलीकडे मी अंडं टेबलाच्या कडेवर अलगद फोडतोय, आवाज होऊ नये म्हणून खोकतोय.

एका संध्याकाळी दार न वाजवता उघडलं. आई. मी अंडं गालात ठेवलं.

‘‘गीळ आधी,’’ ती म्हणाली. ‘‘मगे बोल.’’

मी गिळलं.

‘‘भिंतीपलीकडसून ऐकतंय मी. रोज खोकतंस आणि रोज टरफलां फुटतत. अरे मेल्या, चोरून खाल्लेला अंगाक लागणा नाय.’’

‘‘आई, व्यायामशाळेसाठी खातोय गं. बेरीज कमी पडतेय. जमलं नाही तर खोली जाईल.’’

‘‘खोली जातली?’’ ती खुर्चीवर बसली. ‘‘कायमची?’’

प्रितीवहिनी म्हणाल्या, ‘‘कायमची, काकू. टॉवरमध्ये मिळणार नाही.’’

आईने हातातली जपमाळ मांडीवर ठेवली. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. तेही तिथेच लोखंड उचलायचे. तसलं काही नव्हतं.

‘‘दहा बाय बाराच्या खोलयेत आमी सात माणसां होतो,’’ ती म्हणाली. ‘‘सांजच्याक ह्येचो बापूस थंय जाय, तेवढेच दोन तास माका पाय पसरूक गावत. सगळ्या बायलमाणसांका तसाच. पुरुषांची व्यायामशाळा खंयची? आमची ती. घोव थंय लोखंड उचलीत, म्हणान आमी तेंका उचलून आपटूक नाय.’’

प्रितीवहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग हसता हसता गंभीर झाल्या. ‘‘हे पुढच्या वर्षी रिटायर होतायत,’’ त्या राजरत्नकडे बघून म्हणाल्या. ‘‘टॉवरच्या फ्लॅटमध्ये. दिवसभर. काकू, मेले मी.’’

राजरत्नने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी आईने काय केलं, ते लक्ष देऊन वाचा. सकाळी स्वतः बाजारात जाऊन बांगडे आणले, श्रावणात, सगळ्या चाळीसमोर. पिशवी आमच्या खोलीवरून पुढे नेली आणि प्रितीवहिनींच्या गॅसवर, प्रितीवहिनींच्या तव्यावर, स्वतःच्या हाताने तिरफळं घालून मला तिखलं करून घातलं. मग आंघोळ केली आणि घरी येऊन दिवा लावला. हवालदारांच्या सौ. गॅलरीतून म्हणाल्या, ‘‘कौसल्याबाई, श्रावण ना?’’

‘‘माझी चूल श्रावण पाळता,’’ आई म्हणाली. ‘‘प्रितीची पाळणा नाय. आणि देवाक काय सांगूचा तां मी बघतंय.’’

ह्यानंतर सल्ल्यांची जागा भांड्यांनी घेतली. कुणाकडून मोड आलेली मटकी, कुणाकडून पनीर, कुणाकडून मुगाचं धिरडं. सगळ्या बायका, सगळ्या गुपचूप, सगळ्यांचं एकच वाक्य: ‘‘भाऊजी, खोली गेली नाही पाहिजे हां.’’ स्वप्नील रोज येऊन ताटाकडे बघायचा आणि भात अर्धा काढून घ्यायचा. उतरणं चालू राहिलं, पण आता हळू. आणि दांडा परत थोडा थोडा ऐकायला लागला. स्क्वॉट एकशेदहा. बेंच सत्तर, ऐंशी काही परत आलं नाही, ते पोटाबरोबर गेलं. बेरजेला उरले एकशेसाठ, आणि ते डेडलिफ्टनेच द्यायचे. जाड असतानाही मी एकशेसाठ कधी उचलले नव्हते.

स्पर्धा श्रावण संपल्यावर महिन्याभराने, दादरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. आधी वजन. काट्याने त्र्याऐंशीच्या वर किंचित दाखवलं. पंच म्हणाले, ‘‘बाद नाही, अजून वेळ आहे. काय काढता येईल ते काढा.’’ मी घड्याळ काढलं, अंगठी काढली, आईने बांधलेला काळा दोरा काढला. काटा ढिम्म. राजरत्न माझ्या अंगावरच्या शेवटच्या वस्त्राकडे बघायला लागला.

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘विन्या, जाड होजिअरी आहे. ओली पण आहे घामाने.’’

आडोसा नव्हता. बाबुरावांनी कोपऱ्यातला कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर उचलला आणि दोघांनी तो माझ्याभोवती धरला. आतून मी, बाहेरून नेते, हात जोडून. काटा बरोब्बर त्र्याऐंशीवर थांबला. सत्तेचाळीस वर्षं जपलेली अब्रू काही ग्रॅमचीच निघाली.

स्क्वॉट झाला. एकशेदहा, तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांचा होकार. बेंचला सत्तर पहिल्या खेपेला लाल झाले, कारण पंचांनी ‘‘प्रेस’’ म्हणायच्या आधीच मी घाबरून ढकललं. दुसऱ्या खेपेला थांबलो आणि गेलं. राहिले एकशेसाठ.

पहिल्या प्रयत्नात दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि हातांतून सुटला. दुसऱ्यात तिथपर्यंतही आला नाही. उरला तिसरा, शेवटचा. मी खुर्चीवर बसलो. बाबुरावांनी माझ्या हातांना खडूची पूड लावली.

‘‘नाही जमलं तर नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तू केलंस ते पुष्कळ केलंस.’’

एवढं प्रेमाने कुणी बोललं की मला भयंकर राग येतो. कशाला पुष्कळ? चालू व्यायामशाळा चालू आहे हे दाखवायला एका क्लार्कने बॅनरमागे उघडं का व्हावं? कुणा झोपाळू पाहणीवाल्यासाठी? मी उठलो तो तुमच्यावर चिडून उठलो, साहेब. हे श्रेय तुम्हाला देतो.

दांड्याशी वाकलो. पोट मध्ये आलं नाही. पाठ सरळ बसली, जशी नव्वद किलोत कधी बसली नव्हती. मागून राजरत्न ‘‘जयभीम!’’ आणि बाबुराव ‘‘बजरंगबली!’’ एकदमच ओरडले. आणि सगळ्यांच्या वरून, प्रेक्षकांतल्या शेवटच्या रांगेतून, जिथे चाळीतल्या बायका डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एक आवाज आला:

‘‘उचल रे मेल्या! घराक येव नको नायतर!’’

पंच म्हणाले, ‘‘शांतता राखा.’’ आई म्हणाली, ‘‘तुमी राखा.’’

दांडा निघाला. पोटरीला घासत, गुडघ्याशी अडकून, कुरकुरत, शिव्या खात. मांडीवर आला. मी सरळ उभा राहिलो. जगातला सगळ्यात संथ पंच आमच्या नशिबी होता, पण शेवटी त्याचा हात खाली आला, ‘‘डाऊन’’. दोन दिवे पांढरे झाले, एक लाल. दोन पुरतात.

तीनशे चाळीस. एक ग्रॅम जास्त नाही, कमी नाही. बाबुराव बदललेल्या गुडघ्यांवर दोनदा उडी मारायला गेले, राजरत्नने त्यांना धरलं. आईने मला जवळ घेतलं नाही, फक्त दंड चाचपून म्हणाली, ‘‘हडकुळो झालंस. पण बरो झालंस.’’

प्रमाणपत्र घेऊन आम्ही तुमच्या कार्यालयात आलो. खिडकीतल्या माणसाने ते बघितलं, मग आमचं जुनं सभासद-ओळखपत्र बघितलं, मग मला. म्हणाला, ‘‘ओळखपत्रावर वजन नव्वद, गाल असे. हा तोच इसम कशावरून?’’ आणि प्रमाणपत्र परत सरकवलं.

मी तोच इसम नाही, हे मला कबूल आहे. त्या इसमाला वाटायचं की उपवासाने ताकद टिकते आणि अर्ज केला की काम होतं. हा इसम रोज संध्याकाळी अजून खाली जातो. बेंच आता पंचाहत्तरला आलाय. आणि गंमत सांगू? एसी जिममधली चार पोरं परत यायला लागलीत, कारण एकशेसाठची बातमी गॅलऱ्यांमधून लालबागपर्यंत गेली. प्रितीवहिनी आणि आणखी तिघींनी सकाळची वेळ मागितलीय, स्वतःसाठी. म्हणाल्या, लोखंड बघू तरी काय असतं. बाबुराव आता दुपारीसुद्धा जागे असतात. पुन्हा पाहणीला माणूस पाठवा, हव्या त्या वेळेला पाठवा.

आई आणि सगळ्या बायका सोमवारी तुमच्या कार्यालयात येऊन बसणार आहेत. जेवण घेऊन येतील, विणकाम घेऊन येतील, घाई त्यांना नाही. नवरे घरी सोडून यायला कारण मिळालंय, त्या लवकर उठणार नाहीत. म्हणून आधीच विचारतो, साध्या मराठीत, शेरा नको, ‘विचाराधीन’ नको, खिडकी बंद करून घेणं नको.

वज्रमारुती व्यायामशाळेची खोली नव्या टॉवरमध्ये कितव्या मजल्यावर आहे?